‘स्प्लेंडर’ हे नाव ठेवलं कुणी?

पत्र : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. त्या घरीच शिवणकाम करतात, मिस्टर मेकॅनिक आहेत. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत, धाकटी मुलगी सातवीत. सहा महिन्यांपूर्वी मुलानं आणि त्याच्या दोन मित्रांनी बाजारात लावलेली एका दूधवाल्याची स्प्लेंडर मोटरसायकल हँडल लॉक तोडून नेली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि ओढ्याकाठी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी गाडी अजून तिथंच आहे का ते बघायला हा एकटा गेला आणि सापडला. बाकी दोघांपैकी एकाचे काका गावात वजनदार आहेत. त्या दोघांची नावं पुढं आलीच नाहीत. बाल न्याय मंडळानं मुलाला समज दिली, समुपदेशनाला पाठवलं आणि प्रकरण संपवलं. कॉलनीत मात्र ते संपलेलं नाही. पोलिसांनी घेऊन जातानाचा त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. कुठं काही चोरीला गेलं की हवालदार यांच्या दारात येतात. कॉलेजात पोरं त्याला ‘स्प्लेंडर’ म्हणतात. पोलिस भरतीसाठी तो पहाटे धावायला जायचा, ते बंद झालं. आता टपरीवरच्या मोठ्या पोरांत बसतो. वडील त्याच्याशी बोलत नाहीत. आई विचारतात, ‘पोरगं बेरड झालंय. भोसरीला माझा भाऊ वर्कशॉपमध्ये आहे. शाळा सोडवून त्याच्याकडे पाठवून देऊ का?’

ताई,

तुमच्या पत्रात ‘बेरड’ हा शब्द तीन वेळा आलाय. तुम्ही तो रागानं लिहिला नसणार. आपल्याकडे आया सहज म्हणतात तसा लिहिलाय. पण मी त्याच्यापाशीच थांबले, कारण बेरड हे एका जमातीचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आहे, आणि ‘भामटा’ हेही आहे. आपण फसवणाऱ्याला भामटा म्हणतो, निगरगट्टाला बेरड म्हणतो, आणि आपण कुणाच्या तरी जमातीचं नाव शिवीसारखं वापरतोय हे आपल्या गावीही नसतं. आधी माणसांचं नाव होतं, मग ते गुन्ह्याचं झालं. हे झालं कसं, ते थोडं सांगते. तुमच्या मुलाची गोष्ट त्यापेक्षा फार वेगळी नाही.

१८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला आणि काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं मुंबई इलाख्यालाही तो लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी. ज्याचं नाव रजिस्टरात चढलं त्यानं पोलिसांपुढं हजेरी द्यायची. गावाबाहेर जायचं तर पास काढायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत केली होती. आजही तिथल्या त्या भागाला लोक ‘सेटलमेंट’च म्हणतात. आता विचार करा, ज्याला रोज ठरल्या वेळी चौकीवर तोंड दाखवायचंय तो परगावी बाजाराला कसा जाणार? मजुरीला कोण घेणार? आणि घेतलं तरी मालकाच्या घरातलं एखादं भांडं सापडेनासं झालं की पहिलं नाव कुणाचं निघणार? कामाच्या वाटा अशा एकेक करून बंद व्हायच्या, आणि मग कुणी चोरी केलीच, तर साहेब म्हणायचा, बघा, आम्ही आधीच सांगितलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण लगोलग ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये या जमातींना सराईत समजण्याची पद्धत तर इतकी टिकली की ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती मोडून काढावी लागली. मूळ कायदा जाऊन ७२ वर्षं झाली होती तेव्हा.

तुमच्या मुलावर जमातीचा शिक्का नाही, त्यामुळे त्याचं दुःख पारध्याच्या पोराएवढं आहे असं मी म्हणणार नाही. तेवढं नाहीच. पण हजेरी मात्र तुमच्या घरात सुरू झालीय.

तुम्हीच लिहिलंय. रात्री तो झोपला की तुम्ही त्याचे खिसे बघता. पर्स उशाखाली ठेवता. मुलीचे २०० रुपये दिसेनासे झाले तेव्हा तुम्ही तिला काही विचारायच्या आधी त्याला विचारलंत. संध्याकाळी ते पैसे तिच्याच कंपासपेटीत, पट्टीखाली सापडले. आणि तो तुम्हाला म्हणाला, ‘नसते सापडले तर बरं झालं असतं.’ हे वाक्य तुम्हाला बेरडपणाचं वाटलं. मला नाही वाटलं. पैसे सापडले तर फक्त ‘या वेळी नाही’ एवढंच सिद्ध होतं. पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच विचारणार, हे त्याला कळलंय. नसते सापडले तर निदान हिशेब तरी जुळला असता. आरोप आहे तर चोरी पण असू दे, असा तो कडवट हिशेब आहे. सोळाव्या वर्षी पोरं असे हिशेब करतात.

त्याहून जास्त मला दुसरी एक गोष्ट खुपली. तुम्ही ती पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीय. पोरं त्याला ‘स्प्लेंडर’ म्हणून चिडवायची तेव्हा तो मारामाऱ्या करायचा, आता करत नाही, उलट त्यानं स्वतःच्या इन्स्टाच्या नावात ते लावून घेतलंय. तुम्हाला वाटलं, चला, भांडणं तरी थांबली.

भांडणं थांबली, कारण त्यानं ते नाव घेतलं. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी लिहून ठेवलंय. १९३८ साली फ्रँक टॅननबॉम म्हणाला की पोराच्या एका कृत्यावरून आपण त्या पोरालाच वाईट ठरवत जातो आणि त्या बोभाट्यातूनच गुन्हेगार घडतो. १९५१ साली एडविन लेमर्टनं त्यात फोड केली : पहिली चूक कशानंही होते, मस्तीनं, संगतीनं, भुकेनं, पण लोकांनी लावलेलं नाव स्वतःला चिकटवून घेऊन माणूस त्यानंतर जे करतो ते वेगळं प्रकरण असतं. हॉवर्ड बेकर १९६३ मध्ये त्याच्याही पुढं गेला. त्याचं म्हणणं असं की वागणं ‘वाकडं’ आहे की नाही हे त्या वागण्यावर कमी आणि त्याला तसं कोण म्हणतंय यावर जास्त अवलंबून असतं. पहिल्यांदा ऐकताना हे जरा अतीच वाटतं. पण तुमच्या गावातली ती तीन पोरं आठवा.

गाडी तिघांनी नेली. एकाच पेट्रोलवर फिरले. वजनदार काकांच्या पुतण्यानं केला तो ‘पोरकटपणा’. दुसरा त्याच्या सावलीत सुटला. तुमचा सापडला, तो ‘चोर’. विल्यम चॅम्ब्लिस नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एका अमेरिकन हायस्कूलमधल्या पोरांच्या दोन टोळक्यांबद्दल असंच लिहिलं होतं. एकात आठ मुलं, खात्यापित्या घरातली. शाळा बुडवायची, दारू प्यायची, बेफाम गाड्या हाकायची, किरकोळ चोऱ्याही करायची. दुसऱ्यात सहा, गरीब घरातली, जवळपास तेच उद्योग. गावानं पहिल्यांना ‘चांगली मुलं, जरा खोडकर’ म्हटलं आणि चॅम्ब्लिस बघत होता त्या दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. दुसरी सतत पोलिसांच्या तावडीत. पहिल्या आठांतली सात थेट कॉलेजात गेली. दुसऱ्या सहांतल्या दोघांच्या हातून पुढं खून झाले. मला या अभ्यासातली लक्षात राहिलेली गोष्ट मात्र उरलेल्यांमधली आहे. त्या सहांतल्या दोघांना खेळावर शिष्यवृत्ती मिळाली, आणि ते पुढं शिक्षक, प्रशिक्षक झाले. गाव तेच, घर तेच, टोळकंही तेच. त्यांना कुणीतरी दुसऱ्या नावानं हाक मारली, ‘खेळाडू’ म्हणून.

तुमचा मुलगा सहा महिन्यांपूर्वी पहाटे पाचला उठून धावत होता ना?

आता तुम्हाला न आवडणारं एक बोलते. एवढ्या लांबलचक पत्रात त्या दूधवाल्याबद्दल एकही ओळ नाही. तुम्ही ‘गाडी’ म्हणता, ‘केस’ म्हणता, ‘ते प्रकरण’ म्हणता. तो माणूस त्या दिवशी रतीब कसा घालून आला, सायकलवर कॅन बांधून की भाड्यानं टेम्पो करून, हे तुमच्या घरात कुणी विचारलंय का? समाजानं शिक्का मारला म्हणून चोरी झाली, असं मी तुम्हाला अजिबात सांगत नाहीये. चोरी आधी झाली. लॉक तोडताना हात त्याचेच होते. शिक्क्याचं हे सगळं बोलणं कधीकधी पोराला फार स्वस्तात सोडून देतं, आणि सोळा वर्षांच्या पोराला ते बरोबर कळतं. शिवाय शिक्का बसलेली सगळीच पोरं वाया जात नाहीत. कितीतरी जणांना एकदा चौकीची पायरी चढणं पुरतं.

जॉन ब्रेथवेट नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९८९ मध्ये याचा मेळ घातला. तो म्हणाला, लाज वाटायला लावणं दोन प्रकारचं असतं. एकात माणसाला गावाबाहेर काढतात. दुसऱ्यात कृत्य वाईट म्हणतात आणि माणसाला परत आत घेतात. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. कान पिळायच्या आणि त्याच हातानं ताट वाढायच्या. तुमच्याकडे कान पिळून झालाय, सहा महिने पिळतायत सगळे. ताट कुणीच वाढलेलं नाही.

आता कामाचं. हे तुमच्यासाठी, आणि अशा पोरांच्या बाकीच्या आईवडिलांसाठीही.

कायदा तुमच्या मुलाला ‘बालगुन्हेगार’ म्हणतसुद्धा नाही. कागदोपत्री शब्द आहे ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. जिभेला जड आहे, मान्य, पण तो मुद्दाम तसा घडवलाय, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात असं तत्त्वच लिहिलंय की मुलांवर डाग लावणारी भाषा वापरायची नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ नं मंडळापुढच्या प्रकरणामुळं मुलाला पुढं कशालाही अपात्र ठरवता येत नाही. तुमच्या मुलासारख्या प्रकरणाचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचे असतात. नियमांत ती मुदत सात वर्षांपर्यंत आहे. आणि कलम ७४ सांगतं की प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. म्हणजे ‘आता भरती संपलीच’ हे जे तुम्ही लिहिलंय, ते चूक आहे. हे आज रात्री जेवताना त्याला सांगा. भरतीचा फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा त्यात काय लिहायचं ते वकिलाला विचारून लिहा, खोटं काही लिहू नका. पण धावणं सोडायला हे कारण नाही.

मंडळाच्या आदेशाची प्रत मिळवा. झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी हवालदार दारात आले की चहा विचारा आणि ती प्रत पुढं करा. मग शांतपणे विचारा, ‘साहेब, आजच्या चोरीत याच्याविरुद्ध काही आहे का, की फक्त जुनं म्हणून आलात?’ प्रत्येक पोलिस ठाण्यात बाल कल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो आणि मुलाशी बोलताना पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, हे त्यांनाही माहीत असतं. कुणी आठवण करून दिलेली नसते, इतकंच. तरीही चौकीत नेऊन बसवायला लागले तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं जा. स्त्रिया आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तो फोटो. कलम ७४ नंच अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र कोणत्याही माध्यमात देणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळ्या कॉलनीवर केस करा असं मी म्हणत नाही, त्यानं तुम्हाला तिथं राहणं अवघड होईल. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला खासगीत दोन ओळी लिहा : हा फोटो कायद्यानं ठेवता येत नाही, कृपया काढा आणि इतरांनाही काढायला सांगा. बहुतेक लोक घाबरून काढतात. नाही काढला तर पुढचं बघता येईल.

टपरीवरच्या पोरांविषयी तुमची काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण तो तिथं का जातो याचा विचार करा. ‘स्प्लेंडर’ या नावाला अख्ख्या गावात तिथंच किंमत आहे. घरी ते नाव म्हणजे लाज, टपरीवर म्हणजे पाठीवर थाप. ‘तिथं जाऊ नकोस’ म्हटल्यानं तो थांबणार नाही; त्याला दुसरीकडं कुठंतरी किंमत मिळाली तरच थांबेल. त्यांच्यातला कुणी सज्ञान त्याच्या हाती वस्तू ठेवायला देतोय, गाड्या इकडून तिकडं न्यायला सांगतोय असं दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. मुलांना असं वापरणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंतची सजा आहे, आणि तिथं पोलिस तुमच्या बाजूनं लागतात.

भोसरीचं म्हणाल, तर माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. माणूस जागा बदलून सुधारतो हे खोटं नाही, कधीकधी तेच औषध असतं. पण तुम्ही त्याला अकरावीच्या मध्यात, शाळा सोडवून पाठवणार आहात. त्याच्या हिशेबानं ती हकालपट्टी असेल. मामीला तुम्ही फोनवर काय सांगाल हो? ‘जरा लक्ष ठेव गं याच्यावर’ एवढं तरी सांगालच. झालं, तुमची उशाखालची पर्स भोसरीला पोचली. बारावी होऊ द्या, आयटीआयला नंबर लागला किंवा त्यानं स्वतःहून मामाकडं जायचं ठरवलं, तर आनंदानं पाठवा. सुट्टीत महिनाभर वर्कशॉपवर जाऊ द्या, पगारासह. पाठवणी आणि घालवणी यांत फरक असतो, पोरांना तो लगेच कळतो.

शिक्षक वाचत असतील तर एवढंच : वर्गात कुणी ‘स्प्लेंडर’ म्हटलं की तुम्ही हसू नका. तुमच्या त्या एका हसण्यानं ते नाव पक्कं होतं. त्याच्यावर विश्वासाचं काहीतरी सोपवा; स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करायला दिलीत तर मी तुम्हाला मानेन. शेजाऱ्यांना तर काय सांगणार. ज्यांच्या मुलांचे काका वजनदार आहेत त्यांनी निदान रात्री झोपताना आठवावं की त्या गाडीवर तिघं होते.

खिसे बघणं आजपासून बंद. पर्स कपाटावर, नेहमीच्या जागी. एखाद्या वेळी खरंच काही गेलं, तर ‘कुणी पाहिलं का’ असं सगळ्यांसमोर विचारा, मुलीलाही, मिस्टरांनाही. आणि त्या २०० रुपयांबद्दल त्याची माफी मागा. आईनं मुलाची माफी मागायची पद्धत आपल्याकडे नाही, तुम्हाला ओशाळं वाटेल. एका वाक्यात मागा, रडू नका, लगेच ‘पण तू पण’ म्हणू नका.

राहता राहिला दूधवाला. त्याच्या गाडीचं हँडल लॉक अजून तुटलेलंच आहे, असं तुमच्याच पत्रात आहे; तो रात्री चाकाला साखळी घालतो म्हणे. तुमच्या घरात एक मेकॅनिक आहे आणि तो सहा महिने आपल्या मुलाशी बोललेला नाही. एखाद्या रविवारी दुपारी, रतीब संपल्यावर, त्या दोघांना नवीन लॉक सेट घेऊन त्याच्या अंगणात पाठवा. आधी फोन करून विचारा, तो नको म्हणाला तर ऐका. या म्हणाला, तर लॉकचे पैसे मुलाच्या सुट्टीतल्या कमाईतून कापा. त्याला काय बोलायचं ते शिकवून पाठवू नका, आणि तुम्ही स्वतः जाऊ नका. जुनं लॉक काढून नवीन बसवायला निदान तासभर तरी लागेल. त्या तासात बापाला ‘पाना दे’, ‘पक्कड धर’, ‘चावी फिरवून बघ’ एवढं तरी बोलावंच लागेल.